बाळूच्या नावाची मूठ

प्रिय माय,

तुला वाचता येत नव्हतं, म्हणून नोकरीला जळगावला आल्यावरही मी तुला कधी पत्र लिहिलं नाही. आज लिहितोय, कारण हे तुला सांगायचंच राहिलं. मागच्या आठवड्यात धुळ्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, तुमचा भाऊ बाळू जन्मापासूनच असा आहे. त्यात आईचा काही दोष नसतो.

तू असताना हे कुणी का नाही सांगितलं गं? ते ओझं घेऊनच गेलीस!

मुंबईच्या त्या मोठ्या डॉक्टरांकडे आपण बाळूला नेलं होतं. त्यांनी ‘ऑटिझम’ असं नाव सांगितलं. म्हणजे काय विचारलं, तर म्हणाले, असं मूल स्वतःतच राहतं. मग तुझ्याकडे बघून म्हणाले, “लहानपणी याला जवळ घेत नव्हता का?”

 परतीच्या गाडीत तू खिडकीकडे तोंड करून बसलीस. नाशिक मागे पडल्यावर मला हळूच विचारलंस, “भास्कर, मी त्याले जवळ लिधं नही का रे?”

घेतलं होतंस, माय. तोच अंग ताठ करायचा, सुटून पळायचा. मग तू त्याच्याशेजारी हातभर अंतर ठेवून बसायला शिकलीस. तो सरकीचे दाणे ओळीनं मांडायचा, तू मधूनच एखादा दाणा त्याच्याकडे सरकवायचीस. तुझा दाणा तो ओळीत घ्यायचा. दुसऱ्या कुणाचा फेकून द्यायचा. याला माया नाही म्हणणाऱ्यांनी हे कधी पाहिलं होतं का?

ओट्यावर बसणारे हसायचे, “हाऊ ते सायेब शे, कोनसंगे बोलत नही!” तू डोक्यावरची घागर न उतरवता म्हणायचीस, “मंग सायेबले रामराम करा ना रे! हसतस काय?”

आणि श्रावणातल्या कानबाई देवीच्या नैवेद्याचे रोट आठवतात? घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ गहू, पाळण्यातल्या पोराचेसुद्धा. दरवर्षी नानाकाका म्हणायचे, “वहिनी, त्याले कसाले मोजतस? रोट तरी खाई का तो?”

“नही खाई ते नही खाई. घरमा शे ना तो?” असं म्हणून तू बाळूच्या नावानं मूठ टाकायचीस.

तू गेल्यावर तो गावी नानाकाका-काकूंजवळच राहिला. अजूनही तू बसायचीस त्या जागेशेजारी हातभर अंतर सोडून बसतो. “माय कुठं?” असं विचारलं की तेच शब्द परत म्हणतो, “माय कुठं.” त्याला काय कळलंय, मला सांगता येत नाही. तू असतीस तर सांगितलं असतंस.

काकांनाही आता तो आवरत नाही. तुझं वर्षश्राद्ध झाल्यावर ते म्हणाले, याला वेड्यांच्या इस्पितळात ठेवू. म्हणून मी त्याला धुळ्याला दाखवलं. डॉक्टर म्हणाले, हा वेडा नाही. आपल्या माणसांत राहू द्या, त्याच्या कलानं घ्या.

तिथून आलो तेव्हा घरी रोटांचे गहू काढणं चाललं होतं. काका नावं घेत होते, काकू मुठी टाकत होत्या. माझ्या नावानंतर काका थेट चुलतभावाच्या पोराच्या नावावर गेले.

“काका, बाळू राही गया,” मी म्हणालो.

“तो आते इस्पितळमा जाई. त्याना गहू कसाले?”

सगळे भाऊबंद बसले होते. मला चारचौघांत बोलता येत नाही, तुला माहीत आहे. पण उठून उभा राहिलो. सांगितलं, तो इस्पितळात जाणार नाही, मी त्याला जळगावला नेतोय. तो वेडा नाही. त्याच्या अशा असण्याला ‘ऑटिझम’ असं नाव आहे, आणि यात मायचं काहीही चुकलं नव्हतं.

 काकूंनी काकांकडे न बघता बाळूच्या नावाची मूठ भरली. वरची पाव मूठही टाकली. मग काका म्हणाले, “इतलं मोठं नाव शे त्याले, आन आम्हले कोनी सांगं नही.”

ही बातमी गल्लीत गेली असावी. संध्याकाळी एक बाई मुलीला कडेवर घेऊन आली. मुलगी कुणाकडेच बघत नव्हती, आपली बोटं डोळ्यांपुढे हलवत होती. बाई दारातच उभी राहिली. म्हणाली, “भाऊ, मनंच काही चुकनं का?”

नाही, ताई, तुमचं काही चुकलं नाही, म्हणालो. ती पदर तोंडाला लावून रडली, आणि मला तुझी आठवण सहन होईना. हे एवढंच तर तुला ऐकायचं होतं!

माय, पाहुणे आले म्हणून मी बाळूला आतल्या खोलीत बसवणार नाही. बाजारात जाताना बरोबर नेईन. लोक वळून बघतील, बघू देत. विचारतील त्यांना सांगेन. आणि अशी कुणी आई भेटली, तर तिच्यावर विचारायची वेळ येण्याआधीच सांगेन.

तुझा,
भास्कर