डावं पेडल नसलेली गाडी

३ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र बघून दचकू नकोस, तब्येत ठीक आहे. फोन केला असता, पण कारखान्याने तुझे कान खाल्लेत. मी ब्रेक म्हणतो, तू केक ऐकतेस. म्हणून लिहूनच कळवतो की मी एक गो-कार्ट, ती शर्यतीची बुटकी गाडी, घेतली आहे. म्हणजे अख्खी नव्हे, सांगाडा. गावाबाहेरचं शर्यतीचं मैदान बंद पडलं, तिथे भंगारात उताणी पडली होती.

इंजिन आहे, पण मुकं. चाकं तीन. सीट, चेन, ब्रेकची तबकडी आणि पुढची चाकं वळवणाऱ्या दोन दांड्यांपैकी एक, सगळं गायब. कुणी बनवली तेही कळत नाही; नावाच्या पट्टीच्या जागी नुसती रिव्हेटची भोकं आहेत.

तुझी भावजय म्हणाली की घरात एक बिघडलेला होता तो पुरे नव्हता का. ताई, इतकी वर्षं बस चालवली. आता अर्धांगाच्या झटक्यानंतर डावा पाय असून नसल्यासारखा, परवाना जमा. सकाळी खिडकी ते दार, दुपारी दार ते खिडकी. फरशी झिजेल, मी नाही. हात सारखे काहीतरी धरायला मागतात. तू जन्मभर माल उचलणाऱ्या फोर्कलिफ्ट गाड्या उघडल्यास आणि जोडल्यास. ही काय चीज आहे ते सांग.

तुझ्या लोभावर हक्क सांगणारा,
भिंगरी

९ मार्च

चि. भिंगरीस,
अ. आ.

वाचून आधी हसले, मग चिडले, मग पुन्हा वाचलं. लहानपणी घड्याळ उघडायचास आणि स्क्रू माझ्या ओंजळीत टाकून पळायचास. फरक इतकाच की आता पळता येत नाही, म्हणून पत्र लिहितोस.

हातात काय आलंय ते कळल्याशिवाय सुटे भाग आणायला धावू नकोस, नाहीतर आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं. मागचा आस किती जाड आहे आणि पोकळ आहे का, ते बघ. भोवताली धक्का झेलणारे कठडे आहेत का? पेडलं किती आणि कुठे? मूळच्या नळ्यांना नंतर कुणी काही जोडलंय का? सगळं नीट मोजून कळव. सुतळीने माप घेतलंस तर पत्र परत पाठवीन.

व्यायाम करतोस ना? तुला राग येणार, म्हणून शेवटी विचारलं.

लोभ आहेच, त्याला माप लागत नाही.
ताई

१४ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

लेथवाल्याकडून कॅलिपर आणून मोजलं. आस पोकळ, तीस मिलिमीटर. कठडे नाहीत. उजवीकडे वेग वाढवायचं पेडल आहे. डावीकडचं, ब्रेकचं, नाही. हरवलं म्हणावं तर ते बसवायची जागाच नाही. नळी घासून गुळगुळीत केलेली, वर रंग दिलेला. आणि स्टिअरिंगच्या दांड्याच्या आधाराला एक लोखंडी कान जोडलाय, मध्ये भोक. त्याचं काम काय ते माझ्या डोक्यात शिरत नाही.

चौथं चाक मैदानाच्या झुडपात सापडलं. चेन आणि सीट आणली. कार्ब्युरेटर धुतला, प्लग बदलला, तर काल इंजिन खोकलं! मी आनंदाने काठी सोडून टाळी वाजवली आणि आपटलो. हे तुझ्या भावजयीला कळवू नकोस.

लवकर लिही. टपालवाला गल्लीत शिरायच्या आत मी फाटकात उभा असतो. बिचारा हल्ली मला बघून लांबूनच मान हलवतो.

लोभ आटू देऊ नकोस, निदान ब्रेक लागेपर्यंत.
भिंगरी

१९ मार्च

चि. भिंगरीस,
अ. आ.

तुझी गाडी ओळखली. कठडे नाहीत, आस पोकळ, म्हणजे भाड्याने फिरवायची नव्हे, शर्यतीचीच, आणि बरीच जुनी. पण खरी ओळख त्या कानात आहे. तिथे ब्रेकची मूठ बसायची, हाताने दाबायची. डावं पेडल हरवलेलं नाही रे, कुणीतरी मुद्दाम कापून काढलंय. ज्याच्यासाठी काढलं त्याचाही डावा पाय तुझ्यासारखाच असणार. हे लक्षात आलं तेव्हा मी पाना हातात धरून नुसती बसून राहिले.

सोबत पार्सल आहे. जुन्या मोटरसायकलची मूठ, केबल, तबकडी, आणि वळवायची दांडी मी स्वतः बनवली आहे.

आता नीट ऐक. बसण्याआधी प्रत्येक जोडावर रॉकेल लाव, पुसून काढ, वर खडू फिरव. चीर असेल तिथे खडूवर ओली रेघ उमटते. एवढ्या वर्षांनी जोड धड असतील असं समजू नकोस. हे केल्यावाचून बसलास तर मला पत्र लिहू नकोस.

लोभ आहे म्हणूनच दटावते.
ताई

२८ मार्च

ती. वन्संना,
सा. न. वि. वि.

मी लिहिते आहे, कारण तुमच्या भावाला तुमच्यापुढे यायला तोंड नाही.

खडू आणला होता, रॉकेलही आणलं होतं. पण इंजिन एकदा फटफटलं आणि त्यांचा धीर सुटला. लाकडाच्या वखारीमागच्या आवारात नेली. पहिली फेरी छान झाली. वन्सं, तो चेहरा मी किती महिन्यांनी पाहिला! दुसऱ्या फेरीत पुढचा जोड तुटला, चाक आडवं झालं आणि गाडी भुशाच्या ढिगात शिरली. ब्रेक हातात होता म्हणून भिंतीवर आदळली नाही. कोपर सोलवटलंय, बाकी बचावले. मी मात्र नको ते बोलले, की मरायचंच असेल तर मला सांगून मरा.

तेव्हापासून गाडीवर ताडपत्री, आणि यांचं पुन्हा खिडकी ते दार. इथला वेल्डर नको, ताईच हवी म्हणतात. मग ताईंकडे जा म्हटलं, तर बसमध्ये पाय ठेवायला तयार नाहीत. स्टिअरिंग दुसऱ्याच्या हातात आणि आपण मागे पोत्यासारखं बसायचं, हे त्यांना सोसत नाही. दवाखान्यातही बस सोडून चालत, पाय ओढत, घामाघूम होऊन जातात.

मला गाडीतलं काही कळत नाही. ती दुरुस्त व्हावी की मोडीत जावी, तेही कळेनासं झालंय.

तुमच्या मायेचा आधार आहे, तो राहू द्या.
तुमची भावजय

२ एप्रिल

चि. भिंगरीस,
अ. आ.

मी टपालाने वेल्डिंग करू शकत नाही. सांगाडा घेऊन ये. खडूबद्दल समोरासमोर बोलू.

ताई

१० एप्रिल

चि. सौ. वहिनीस,
अ. आ.

तुझा नवरा सुखरूप पोचला, चाकं-इंजिनासकट सांगाडा बसच्या टपावर बांधून! कंडक्टरशी बरीच हुज्जत झाली म्हणे. शेवटी ड्रायव्हरने याला ओळखलं आणि दोर स्वतः आवळला. हा त्याच्या मागच्याच सीटवर. दर वळणाला याचा उजवा पाय फरशी दाबत होता, असं यानेच मला सांगितलं. उतरल्यावर पहिलं वाक्य, पोरगा क्लच जास्त दाबतो, पण वाईट नाही.

आजारानंतर मी त्याला पहिल्यांदाच पाहिला. पाय ओढत उतरला. माझे डोळे कुठे गेले ते त्याने पाहिलं, आणि दोघांनीही मग सांगाड्याकडेच बघितलं. खडूबद्दल मी ठरवलेलं सगळं तोंडातच राहिलं.

जोड कापून नवा बसवला. सगळ्या जोडांवर रॉकेल त्यानेच लावलं, खडू त्यानेच फिरवला. आणखी एक चीर निघाली, तीही भरली. मग आमच्या कारखान्याच्या गोदामाच्या अंगणात त्याने गाडी काढली. मला आवाज कुठला ऐकू येणार, पण पायाखालची जमीन थरथरत होती. टाकी रिकामी होईपर्यंत फिरला. मी विचारलं, झालं का समाधान? म्हणाला, मजा आली, पण फिरून फिरून त्याच फाटकाशी यायचं, याला काय जाणं म्हणतात?

आता त्याला इथून पुढचा घाट बघायचाय. तिथे त्याची ड्यूटी कधी लागली नव्हती म्हणे. बसनेच जायचं म्हणतो. मी रजा काढून सोबत येते म्हटलं, तर नको म्हणाला. मग बोटांनी बाकावर ताल धरत म्हणाला की अख्ख्या गावाला हिंडवलं, पण बायकोच्या शेजारच्या सीटवर कधी बसलो नाही.

तेव्हा तू ये. शनिवारी सकाळच्या गाडीने निघ. तो स्टँडवर असेल, बहुतेक आदल्या दिवसापासूनच.

तुम्हा दोघांवर लोभ आहे. घाटातून परतताना वाटेत माझ्याकडे थांबून तो लोभ घेऊन जा.
ताई