रायेनच्या दप्तरातल्या गोळ्या

एलादिओ,

रायेनला घेऊन मी कियोताला ताईकडे चालले आहे. काल ती शाळेच्या जिन्यात चक्कर येऊन पडली, तेव्हा दप्तरात भूक मारणाऱ्या नशेच्या गोळ्या निघाल्या. वर्गातल्या मुली वाटून घेतात म्हणे. तू लगेच त्या मुलींना शिव्या घातल्यास. पण डॉक्टरांनी "का घेतेस गं?" विचारलं, तेव्हा आपली पोर काय म्हणाली ते ऐक: "जेवायला बसले की बाबा म्हणतात, 'आला आमचा भोपळा', आणि सगळे हसतात."

त्या सगळ्यांत मीही होते. त्याची लाज मला जाळते आहे.

फ्रीजमध्ये सूप आहे. आम्हाला न्यायला येऊ नकोस. तिची माफी मागायची असेल तर फोन कर. "मी गंमत केली" म्हणणार असशील, तर करूच नकोस.

निदिया