पोटातल्या लेकीचा फोटो

आई, काल चर्चमधली सकाळची मिस्सा आटोपली आणि मी घरी न येता थेट डॉक्टरांकडे गेलो. काखेत तुझ्या जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेला तो एक्स-रेचा फोटो होता, माझ्या लेकीचा, ती पोटात असतानाचा. महायुद्धाच्या दिवसांपासून तो पेटीच्या तळाशी पडून होता.

गेल्या वर्षी त्याच दवाखान्यात माझ्यापुढे एक गरोदर बाई बसली होती. डॉक्टर तिच्या नवऱ्याला म्हणाले, "एक्स-रे कशाला हवा? ते किरण पोटातल्या मुलाला बरे नाहीत, असं आता विलायतेतले डॉक्टर म्हणू लागलेत. पुढे रक्ताचा आजार होऊ शकतो." मी औषध न घेताच परतलो. तेव्हापासून लेकीला साधा ताप आला तरी मी तिच्या हातापायांवर काळेनिळे डाग शोधायचो. रोज संध्याकाळी जपमाळेनंतर तिच्यासाठी एक जास्तीचा 'नमो मारिया' म्हणायचो. बायको एकदा म्हणाली, "एवढं काय मागताय? केळीचे घड आणखी मोठे व्हायला हवेत?" मी हसून वेळ मारून नेली.

आमचं पहिलं बाळ पायाळू आलं, तुझ्याच हातांवर आलं आणि राहिलं नाही. दुसऱ्या खेपेला नववा महिना लागला तेव्हा तू स्वयंपाकघरात सुनेला चटईवर निजवलंस, स्वतःच्या तळहातांना खोबरेल चोळून ते चुलीच्या धगीवर ऊन केलेस आणि डोळे मिटून तिच्या पोटावर फिरवलेस. गावातल्या निम्म्या घरांतून ते हात असेच फिरले होते. "डोकं खाली आहे. कशी शहाण्यासारखी बसलीय," तू म्हणालीस. मी दारातून बोललो, "मागच्या वेळीही तू असंच म्हणाली होतीस. हिला मुंबईला नेऊन फोटो काढून घेतो." तू तेलाची वाटी उचलून बाजूला ठेवलीस. "जा, ने मुंबईला. आजवर कोनाचं ऐकलंस? देवानं झाकून ठेवलंय ते उघडून बघ."

मुंबईच्या इस्पितळात काळोख्या खोलीत फोटो निघाला. तिथल्या डॉक्टरांनी तो उजेडावर धरला आणि म्हणाले, "डोकं खाली आहे. काळजी नको." तुझेच शब्द. परतलो तेव्हा तू पडवीत भाजी निवडत होतीस. मान वर न करता विचारलंस, "काय दिसलं?" मी म्हणालो, "नीट कळत नाही म्हणाले. नर्सला बोलवा म्हणाले." एवढ्या अवघडलेल्या बाईला हिंदकळत नेलं ते उगीच, हे तुझ्यापुढे कबूल करायला माझी जीभ उचलली नाही. बाळंतपण नर्सनं केलं, सुखरूप झालं. तू बाहेर जपमाळ घेऊन बसलीस. त्यानंतर कुणी बोलवायला आलं की म्हणायचीस, "दुसऱ्या कोनाला ने, बाय. माझ्या हाताला आता दिसत नाही." दोन वर्षांनी तू गेलीस.

काल डॉक्टरांनी फोटो खिडकीशी धरला. "मुलगी कशी आहे?" म्हटलं, "तेरावं वर्ष सरलं. वाडीतल्या बावखलाच्या पाण्यात धाकट्या भावाला ढकलून देते आणि स्वतः पोहत पलीकडे पळते." ते हसले. "मग मला काय विचारता? एकच फोटो. तो आजार मुळात क्वचित होतो, आणि व्हायचाच तर बहुधा लहानपणीच दिसतो. जा घरी, निर्धास्त." फोटो परत देताना सहज म्हणाले, "पण हा काढलात कशाला? डोकं तर खाली आहे. जाणत्या सुइणीच्या हाताला कळलं असतं."

सांडोरच्या वाटेनं येताना मी मोठ्यानं 'नमो मारिया' म्हटलं. वर्षभरात पहिल्यांदा त्यात मागणं नव्हतं. एक बैलगाडीवाला वळून बघत राहिला.

दुपारी जेवताना सगळ्यांना सांगितलं. किरणांचं, माझ्या भीतीचं, आणि तुझ्याशी बोललेल्या खोट्याचंही. "धाकट्याच्या वेळी मीच म्हटलं होतं, आई, हात लावून बघा," बायको भात कालवत म्हणाली, "तर त्यांनी हात पदराखाली घेतले." लेकीनं माझ्याकडे पाहिलं. "मग आजीला कधी सांगितलंत, बाबा?"

हा कागद कुठल्या पेटीत टाकायचा ते मला ठाऊक नाही. फोटोबरोबर तुझ्या लुगड्यातच गुंडाळून ठेवीन. पण आज सांगितलं, आई. डोकं खालीच होतं.