जेवलं म्हंजी होकार

६ नोव्हेंबर २००३, गुरुवार

इनामगावला जाऊन आले. तात्याबा भाऊजींच्या नातवासाठी पोरगी बघायला. भाऊजी म्हणजे माझ्या मेलेल्या नवऱ्याचे थोरले भाऊ. सोयरीक असली की मला पुढं घालतात — नकार द्यायची वेळ आली तर वाईटपणा माझ्या वाट्याला. पोरगी बरी, आई आगाऊ. पोरीला काय येतं तेही आईच सांगती, पोरगी लाजती हेही आईच सांगती. पुरणपोळीचा बेत केला होता. मी ताटावर बसलेच नाही. पाणी पिऊन उठले. आमच्या भावकीत जेवलं म्हंजी होकार. ताटात हात धुतला की सोयरीक झाली, मग माघार नाही.

घरी आल्यावर सुरेखा, माझी सून, विचारती — आन् आत्याबाई, चुकून जेवलं तर? म्हणले, चुकून माणूस खड्ड्यात पडतं. ताटावर बसताना शुद्धीवर असतं. हसली. एरवी माझ्या बोलण्याला हसत नाही.

८ नोव्हेंबर, शनिवार

डोळ्यात मोतीबिंदू आहे म्हणे. सुरेखा सोमवारी कंपनीत सुट्टी टाकून पुण्याला नेणार. म्हणले रविवारी जाऊ, खाडा पडणार नाही. म्हणे रविवारी दवाखाना बंद. हिचं उत्तर तयारच. रांजणगावला पॅकिंगला जायला लागली तवापासून जीभ सुटली. त्याआधी या घरात धार फक्त माझ्या जिभेला होती.

१० नोव्हेंबर, सोमवार

डोळ्यात थेंब घातलेत. अक्षरं मुंग्यांसारखी पळतात. आज लिहीत नाही. लिहिलं तर कागद फाटेल.

११ नोव्हेंबर, मंगळवार

आज दिसतंय. लिहिते.

डॉक्टरनं थेंब घातले, बत्ती मारली, म्हणाला डावा डोळा पिकलाय, डिसेंबरात ऑपरेशनला या. बाहेर आले तर सगळं पांढरं. माणसं म्हणजे दोरीवर वाळत घातलेली धोतरं. सुरेखानं दंडाला धरलं. म्हणाली भूक लागली असेल, जवळच एक हॉटेल आहे, स्वस्त आहे. म्हणले मिसळ खाऊ. म्हणे नको, तिथं थायलंडचं जेवण मिळतं. हे थायलंड कुठं आलं? तर समुद्रापल्याड. तिकडंही भातच खातात म्हणाली.

कॉलेजमागची गल्ली. वर पत्रा, खाली प्लॅस्टिकच्या खुर्च्या, पोरापोरींचा कलकलाट. थायलंडचं माणूस एकबी नाही. सोमवार आहे, मटण-मासळी चालणार नाही, हे सांगायला सुरेखा उठून आत गेली. आत! मुदपाकखान्यात! मला तवाच कळायला पाहिजे होतं.

पहिल्यांदा कच्च्या पपईची कोशिंबीर आली. खलबत्त्यात ठेचलेली — लिंबू, गूळ, शेंगदाणे, आन् मिरची अशी की कान तापले. मग हिरवी आमटी, नारळाच्या दुधातली. तिच्यात गवती चहा. आपण चहात टाकतो तो ह्यांनी आमटीत टाकला. डोळ्याला काही दिसत नव्हतं, जीभ तेवढी जागी. भात मऊ, चिकट. दुसऱ्यांदा घेतला. तिसऱ्यांदाही घेतला. खोटं कशाला लिहू? माझा लेक सतीश काविळीनं गेला त्यानंतर मी इतकं कुणाच्या हातचं जेवले नव्हते. सवयीनं ताटातच हात धुतला. शेजारची पोरं खिदळली. खिदळू देत. वर आणि म्हणले, करणाऱ्याला मीठ कळतं, बोलाव त्याला. मी म्हणले! माझ्या तोंडानं!

आतून एक बाप्या आला. पांढरा पुंजका नुसता. पाया पडला तर हाताला लसणाचा वास. बोलणं आपल्याकडचं. केंदूरचा नवनाथ. आधी सुरेखाच्या कंपनीत कँटीनला होता, आता इथं स्वैपाकाला. पहिली बायको बाळंतपणात गेली.

सुरेखा म्हणाली, "आत्याबाई, ह्यांच्यासंगं मी लगीन करणार हाय."

"आधी सांगायचं व्हतंस."

"सांगितलं असतं तर घास उचलला असता का? आता तुम्ही जेवलात. ताटात हातबी धुतला."

तो बाप्या मधी पडला. म्हणे मावशी, घर दाखवावं तर घर नाही, चौघांत एक खोली आहे, म्हणून जिथं राबतो तिथं बोलावलं. खरं बोलला. त्याच्यावर राग नाही. राग माझ्या जिभेवर. साठ वर्षं दुसऱ्याला कापत आली आन् आमटीच्या वाटीत बुडाली मेली.

गाडीत शिक्रापूर आलं तवा मी बोलले.

"जा तू. पण सतीशची पोरगी आमची. अनुला ठेवून जायचं."

तिचा हात माझ्या दंडावर होता, उतरताना मी पडू नये म्हणून. तो तिनं काढला नाही. आमचं निमोणे येईपर्यंत तसाच ठेवला.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

सुरेखा गप्प. कामं सगळी करती. डोळ्यातला थेंब वेळेवर घालती, माझी हनुवटी धरून, माझ्याकडं न बघता. वैरिणीच्या हातचं औषध.

मी बोलले ते काही नवं नाही. सतीश पोटात होता तवा माझा नवरा गेला. बाळंत झाले, भाऊ न्यायला आला. दुसरीकडं पाट लावून द्यायचं त्याच्या मनात होतं. सासू चुलीपुढनं न उठता म्हणाली, जाऊ दे, पोर आमचं, ठेवून जा. भाऊ चहा न पिता माघारी गेला. मला कुणी नारळाच्या दुधातली आमटी खायला घातली नाही. एवढ्या एका बोलावर म्हातारीनं मला जन्मभर राबवून घेतलं. बोल पक्का आहे. कसा रुततो ते मला ठाऊक. आई कुठं जात नाही.

१६ नोव्हेंबर, रविवार

तात्याबा भाऊजी आले. शेजारच्या भागुबाईनं कान भरले असणार. तिच्या पोटात पाणी टिकतं, बातमी टिकत नाही. ओट्यावर बसून पानाला चुना लावत भाऊजी म्हणाले, पोरगीच हाय की, पोरगा असता तर गोष्ट येगळी. जाऊ द्या मायबरोबर. म्हणले, नातवासाठी इनामगावची पुरणपोळी बघताना म्हणाला नाहीत पोरगीच हाय म्हणून.

मग हळूच म्हणाले, "वहिनी, त्या लेकराच्या डोक्याला तुम्ही कवा तेल लावलं न्हाई. आता कशाला हट्ट?"

खरं आहे ते. अनु झाली तवा बारशाला मी तोंड फिरवून बसले होते. अजून तिच्याशी चार शब्द बोलायचे तर मला शोधावे लागतात. भाऊजींना हे सांगायची गरज नव्हती.

म्हणे, तुम्ही जेवलात असं कळलं. म्हणले, जेवले. सोयरीक मी मोडत नाही, माझं तोंड काही कुत्र्याचं नाही. सुरेखाला नेऊ दे त्याला. पोरगी इथं राहील. भाऊजींनी लावलेलं पान तसंच खाली ठेवलं आन् गेले.

१९ नोव्हेंबर, बुधवार

आज सुरेखा बोलली! भाकरी थापता थापता. डिसेंबरात ऑपरेशनला काय काय न्यायचं, काळा चष्मा लागतो, डोकं खाली घालायचं नाही, चुलीपुढं बसायचं नाही. जाणारी बाई असलं बोलत नाही. बोल रुतला. मी जास्तीची अर्धी भाकरी खाल्ली.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

अनुच्या वेण्या मला घालायला लावल्या. सुरेखा म्हणे, मला कामावर उशीर होतोय. दोन्ही वेण्या वाकड्या झाल्या. पोरगी रडली. मी एक धपाटा दिला. मग सोडून परत घातल्या.

२४ नोव्हेंबर, सोमवार

सुरेखा गेली. अनुला ठेवून.

अनुला शाळेत सोडून आली, पिशवी भरलेलीच होती. मी सुपारी कातरत बसले होते. पाया पडली. रडली नाही. म्हणाली, "सतीशला तुम्ही एकटीनं वाढवलं, आत्याबाई. त्यो किती चांगला माणूस व्हता ते मी बघितलंय. हिलाबी वाढवाल."

मी सुपारी कातरतच राहिले. गाडीचा आवाज आला, थांबली, गेली.

पोरगी शाळेतून येईल आता. मला पोरगी कुठं पाहिजे होती!