कातड्यावरचा धन भार

४ जानेवारी १९८३, मंगळवार
सिन्नरच्या कारखान्यातून परत. एस.टी.त शेजारचा गृहस्थ नाकाला रुमाल लावून उठला आणि नाशिकपर्यंत उभा राहिला. राहा बाबा उभा. मी खिडकीशी ऐसपैस.
नोकरी धरल्यापासून बाबा माझ्याशी बोलत नाहीत. आजही आईकडे बघूनच बोलले. "आमच्या बापानं मेलेली ढोरं ओढायचं सोडलं. गावानं पाणी तोडलं, तरी परत हात लावला नाही. आणि हा पगार घेऊन कातडी उकळायला जातो."
म्हटलं, कातडी नाही, जिलेटीन. त्याला रसायनशास्त्र म्हणतात.
"एस.वाय.ला अर्धवट सोडलेलं," म्हणाले आणि पेपर उघडला. मास्तर माणूस. वर्गात असंच बोलत असणार, फळ्याकडे बघून.

७ जाने.
कारखान्याचे केमिस्ट वागळेसाहेब. मुंबईच्या दोन डिग्र्या, अक्कल सुट्टीवर. एका कंपनीला अत्तराच्या बारीक थेंबांवर कवच चढवायचंय, त्यासाठी धन भाराचं जिलेटीन हवंय. आमचा सगळा माल चुन्यातला. कातडी आठवडेच्या आठवडे चुन्यात मुरवायची, धुवायची, उकळायची. त्या मालावर ऋण भार येतो. कोवळं कातडं घेतलं, चुन्यात न मुरवता पातळ ॲसिडमध्ये ठेवलं, तर उलट. बस, एवढंच. वा. साहेब म्हणे, "आपल्याकडे पद्धत चुन्याची आहे." पद्धत! जणू आजीचं लोणचं.
शेठ माझ्याकडे वळले. "तू करशील?"
"करीन."
"बिघडलं तर घरी बसशील."
बसतो की. कॉलेजनंतर सवय आहे.

१५ जाने.
जमलं!! बकऱ्याची कोवळी कातडी, केस काढलेली. माझ्या हातचा माल. एका ग्लासात माझं जिलेटीन, एकात चुन्यातलं, दोन्ही कोमट पाण्यात विरघळवलेली. दोन्हींत बाभळीच्या डिंकाचं पाणी घातलं. डिंकावर ऋण भार असतो. चुन्याचा ग्लास जसाच्या तसा, आरपार दिसणारा. माझा ग्लास पांढरा, दुधासारखा. भार भाराला भेटला.
वागळे चष्मा पुसत म्हणाले, "इंटरेस्टिंग." मूर्ख.
सगळ्यात आधी श. आठवली. दिवसभर तीच आठवते, पण आज कारण होतं.

१६ जाने., रविवार
वाचनालयाच्या जिन्यात श. भेटली. बी.ए.चं शेवटचं वर्ष. आमच्याच वसाहतीत, मागच्या गल्लीत घर, तरी भेटायला जिना लागतो.
सांगायला तोंड उघडलं तर तीच म्हणाली, "छापखान्यातला मुलगा बघून गेला. दादांना पसंत आहे."
"आणि तुला?"
"मला कोणी विचारलंय?"
छापखान्यातला म्हणजे तो भांग पाडलेला, खिशाला दोन पेनं. एकानं सही करतो, दुसरं शोभेला. ह्याला पोरगी द्यायची, का तर हात स्वच्छ!
म्हटलं, पुढच्या रविवारी येतो, तुझ्या वडलांना दाखवतो मी काय करतो ते.
"दाखवून काय होणार?"
बघच म्हटलं.

२३ जाने., रविवार
लिहूच नये असं वाटतं.
गेलो. दादांना, म्हणजे तिच्या वडलांना, जयभीम केला. बसा म्हणाले. ते वायरमन, विजेच्या खांबावर आयुष्य गेलेलं. मी जिलेटीनची पुडी काढली, डिंक काढला. भांडंभर कोमट पाणी मागितलं. तिच्या आईनं माठातलं काढून गरम करून दिलं. सगळं घर गोळा झालं. मी मोठ्या ऐटीत सांगितलं की ह्या कातड्यावर विजेचा भार आहे, आता बघा, दूध होतं.
नाही झालं. पाणी तसंच. परत केलं. तसंच.
दादा म्हणाले, "मी टेस्टर आणू का? करंट कुठपर्यंत आलाय बघू."
तिचा भाऊ फिदीफिदी. श. चुलीकडे तोंड करून.
मग माझं डोकं. काय काय बोललो. खांबावर चढणाऱ्याला ह्यातलं काय कळणार, असंही बोललो. त्यांच्याच घरात, त्यांच्याच पाटावर बसून. पुडी तिथेच टाकून निघालो.
कोपऱ्यावर आलो तेव्हा कळलं. माठात बोअरचं पाणी. खारं. पाण्यात क्षार असले की भार झाकले जातात, एकमेकांना धरत नाहीत. कारखान्यात आम्ही शुद्ध केलेलं पाणी वापरतो. शेंबड्या पोरालाही कळलं असतं. एस.वाय. अर्धवट सोडलेल्याला नाही.

२५ जाने.
जिन्यात श. ला सगळं सांगितलं, पाण्याचं.
"पाणी चुकलं हे कळलं तुला. बाकीचं?"
"बाकीचं काय?"
"दादांना भार आहे की नाही याचं काय पडलंय रे? त्यांची आई उकिरड्यावरची हाडं वेचायची. लहानपणी तेही सोबत जायचे. ते आठवतं त्यांना."
मग मी काय करू? हाडं गोळा करणं आणि त्यातलं शास्त्र ओळखणं एकच का? लाज कसली, कातडं सगळ्यांच्याच अंगावर आहे. हे सगळं मोठ्यानं. जिन्यात लोक बघायला लागले.
ती हळूच म्हणाली, "नोकरी सोडशील?"
"नाही." विचार करायच्या आधीच आलं तोंडातून.
"बरं," म्हणाली आणि खाली उतरून गेली. बरं म्हणजे काय? ह्या मुलींना एक वाक्य पुरं करता येत नाही.

३० जाने., रविवार
आज चार वाजता छापखान्यावाले बोलणी पक्की करायला येणार. आईनं सांगितलं. वसाहतीत सगळ्यांना ठाऊक.
तीनच्या सुमाराला बाबांनी कोट घातला. माझ्या समोर येऊन उभे राहिले. माझ्याकडे बघून.
"दादाच्या घरात बसून त्याला खांबावर चढणारा म्हणालास?"
"हो."
"माफी मागायला चाललोय. तुझी नाही, घराची."
चप्पल घालता घालता थांबले.
"तू ते काम सोडणार नाहीस, हे त्याला सांगणारच. मला ते काम आवडत नाही, हेही सांगणार. खोटं बोलून पोरगी मागत नसतात." मग दुसरी चप्पल पायात सरकवत, "मागू का?"
म्हटलं, "मागा."
"ती हो म्हणालीय का?"
"बरं म्हणाली."
"बरं?" बाबा हसले की काय, कळलं नाही. गेले.
मागच्या खिडकीतून दादांचं दार दिसतं. बाबा आत गेले, दार लागलं. मघाशी श. ओट्यावर आली, आमच्या खिडकीकडे एकदाच बघितलं, परत आत.
आत्ता गल्लीच्या तोंडाशी स्कूटर थांबली. छापखान्यातला आला, मागे त्याचा काका, हातात पेढ्यांचा पुडा. स्वतः आरशात भांग नीट करतोय, गाढव.
बाबा अजून आतच आहेत.