अर्ध्या घराची राहिलेली सही

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, अविवाहित, कोर्टासमोरच्या टपरीत चाळीस वर्षे टायपिंग केलेली, हे मृत्युपत्र राजीखुशीने आणि कोणाच्याही दडपणाशिवाय लिहून ठेवते. डोकं ठिकाणावर असल्याचं डॉक्टरांनी लेखी दिलं आहे. गुडघ्यांबद्दल कायदा काही विचारत नाही, हे बरं आहे.

कलम १. बँकेतल्या शिलकीतून माझा शेवटचा खर्च भागवावा. उरेल ते पुतण्याचं. या मृत्युपत्राचा अंमलही त्यानेच करावा.

कलम २. टाइपरायटर टपरीत माझ्या जागेवर बसणाऱ्या मुलीला द्यावा. डावीकडची एक कळ अडते. तिला दणके घालू नयेत, ती माझ्यासारखीच दणक्याने जास्त अडते.

कलम ३. चुलत बहिणीला काही देऊ नये. तिने 'चार दिवसांसाठी' नेलेलं शिलाई मशीन तिला लखलाभ. मागायलाही जाऊ नये, शब्दाने शब्द वाढतो.

कलम ४. राहतं घर. वडिलांच्या मागे ते माझ्या आणि धाकट्या भावाच्या नावावर निम्मं निम्मं लागलं. वाटणी कधी झाली नाही, तशी वेळच आली नव्हती. मग भावाने अख्खं घर बेकरीवाल्याला विकायचं ठरवलं आणि विक्रीच्या कराराचा, म्हणजे साठेखताचा कच्चा कागद टाइप करायला माझ्याकडेच आणला. घरचीच टायपिस्ट, तेवढाच खर्च वाचला. त्यात होतं: 'सहहिस्सेदार बहिणीची या व्यवहारास पूर्ण संमती आहे.' मी ते एकही चूक न करता तीन प्रतींत टाइप केलं. भाऊ म्हणाला, "ताई, तुझी सही उद्या घेऊ. आज घाई आहे." मी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. त्याने सही करून इसाराची आगाऊ रक्कम घेतली. दुसऱ्या दिवशी तो आला तेव्हा मी म्हटलं, "आधी संमती टाइप होते आणि मग सही लागते होय रे? मी नाही करणार."

बेकरीवाल्याने कराराची अंमलबजावणी मागत दावा लावला. त्या बिचाऱ्याची चूक नव्हती. तारखांवर तारखा पडल्या. मध्येच भाऊ गेला आणि त्याच्या जागी पुतण्याचं नाव लागलं. बावीस वर्षांचं पोर, नोकरी लागते न लागते तोच तारखेसाठी रजा मागू लागलं. एकोणिसाव्या वर्षी निकाल झाला: भावाचा हिस्सा बेकरीवाल्याचा, माझा माझ्याकडे. आता वाटणीचा नवा दावा सुरू आहे आणि माझ्या मागे तो पुतण्याच्या गळ्यात पडेल. मला कंटाळा आला आहे. त्यात तत्त्व वगैरे काही उरलेलं नाही.

म्हणून माझा हिस्सा बेकरीवाल्याला साठेखतातल्या जुन्या किमतीलाच द्यावा. जमलं तर खरेदीखत मी जिवंतपणीच करून देईन, पण डॉक्टरांचा अंदाज वेगळा आहे. मी नसले तर ते पुतण्याने करून द्यावं आणि रक्कम त्याने ठेवावी. बाजारभाव पाहता यात त्याचं मोठं नुकसान आहे, म्हणून लिहिण्याआधी मी त्याला विचारलं. तो म्हणाला, "देऊन टाक, आत्या. तारखा संपतील ना?" थोड्या वेळाने म्हणाला, "मग तेव्हाच का नाही दिलंस? आईच्या ऑपरेशनसाठी हवे होते गं बाबांना पैसे."

वहिनी आजारी आहे हे मला दिसत होतं. दाव्याच्या दुसऱ्या वर्षी ती गेली. मला कोणी विचारलं नाही, हे मी एकोणीस वर्षं कोर्टात सांगत राहिले. घर का विकतोस, हे मी भावाला एकदाही विचारलं नव्हतं. पुतण्याला हे तोंडाने सांगता आलं नाही, म्हणून इथे लिहिते.

ठिकाण: राहतं घर, मागची खोली.
दिनांक: अकरा, सोमवार, सकाळी दहा.
सही: आत्या, माझ्याच हातची.

आम्हा दोघांच्या देखत सही झाली:
१. शेजारच्या चष्मेवाल्या बाई
२. कोपऱ्यावरच्या दवाखान्याचे डॉक्टर