भरतीला लागणारे दिवे

राजिवडा, रत्नागिरी
जानेवारी २००५

प्रिय झारा,

खूप दुआ. तुझा फोन आला तेव्हा घरात बायका बसल्या होत्या, म्हणून हो-हो म्हणत ठेवून दिला. तसंही मला फोनवर नीट बोलता येत नाही, लिहिताना बरं पडतं. अब्बांच्या मागे इद्दतीचे चार महिने दहा दिवस उंबऱ्याबाहेर जायचं नाही, त्यामुळे वेळच वेळ आहे. शेजारची राही मासळी आणून देते आणि ती साफ करायच्या निमित्ताने तासभर बसते. तिच्या सुनेच्या तक्रारी मला आता पाठ झाल्यात.

परवा कपाट आवरताना तुझी ती फळी सापडली. घराचा नकाशा, त्यावर खिळे आणि हिरवे दोरे. अब्बांना विसर पडायला लागला, माझं नावही त्यांना आठवेना, वेळी-अवेळी उठून घरभर फिरायचे, तेव्हा तू कॉलेजातून सुट्टीला आली होतीस. मी मागच्या दाराला कडी घालायचे आणि ते ती खडखडवत उभे राहायचे. तू म्हणालीस, अम्मी, ते उठून जिथे जातील तिथवर नकाशावर एक दोरा ताण आणि त्याला वेळेची चिठ्ठी बांध. मला वाटलं, पुण्याला घरं बांधायला शिकवतात की भरतकाम? पण महिन्याभरात सगळा हिरवा रंग एकाच कोपऱ्यात दाटला, मागच्या दाराशी. आणि वेळा रोज थोड्या पुढे सरकत होत्या. तू तांडेलाची मुलगी, बघताक्षणी ओळखलंस की या भरतीच्या वेळा आहेत. लाँच खाडीबाहेर काढायची तर तांडेलाला भरती साधावी लागते. बायको-मुलीला विसरलेला माणूस भरती विसरला नव्हता. त्या दिवशी तू रडलीस. मला मात्र रागच आला होता.

मग तू घरच त्यांच्या बाजूने वळवलंस. कडी काढून टाकलीस. पाण्याच्या टाकीत असतो तसला फ्लोट खाडीच्या पायऱ्यांशी लावलास आणि दादू वायरमनकडून वायर आत आणून घेतलीस. पाणी चढलं की अब्बांच्या खाटेपासून मागच्या पडवीपर्यंत जमिनीलगत छोटे दिवे आपोआप लागायचे. त्या उजेडाच्या मागून ते जायचे आणि तू बनवलेल्या बाकावर जाऊन बसायचे. पुढे कठडा होता, धोका नव्हता. पहिल्याच आठवड्यात लवूने आपली होडी तिथेच बांधली, फ्लोट त्याच्या दोरात अडकून वरच राहिला, आणि दिवे विझेनात म्हणून अब्बा दिवसभर फेऱ्या घालून दमले. किती हसलो होतो आपण. नंतर वर्षभर ते बाकावर बसून एवढंच म्हणायचे, ‘पानी भरला.’ मी शेजारी बसून हो म्हणायचे. आमचा संसार तेवढ्यावर चालला होता, आणि खरं सांगते, बरा चालला होता.

ऑक्टोबरातल्या त्या दुपारी दिवे लागले आणि ते उठले नाहीत, तेव्हाच मला कळलं. हात लावून बघायची गरज पडली नाही.

काल दादू पक्कड घेऊन दारात आला. तूच त्याला वायर तोडायला सांगितलंस म्हणे. ते दिवे बघून मी झुरत राहीन आणि इद्दत संपल्यावरही पुण्याला यायला तयार होणार नाही, असं तुला वाटतं. झुरते, खोटं कशाला सांगू? पण दिवे लागले की आता मी उठते. फळीवर माझा लाल दोरा ताणायला घेतलाय, तोही त्याच कोपऱ्यात जातो. राहीच्या हातून दादूला चहा दिला आणि परत धाडलं. इतके दिवस मी बाकावर माझ्याच जागेवर बसत होते. तिथून पडवीचा खांब आडवा येतो. वर्षभर मी त्यांच्याकडेच बघत बसले होते, पाणी कधी पाहिलंच नव्हतं. काल दादू गेल्यावर पहिल्यांदा त्यांच्या जागेवर बसले. तिथून खाडी तोंडापर्यंत दिसते, सगळी भरलेली. माझ्या तोंडून निघून गेलं, पानी भरला. आणि हो म्हणायला कोणी नव्हतं. म्हणून हे पत्र लिहिलं, बेटा. वायर राहू दे. मला न्यायला येऊ नकोस. एकदा भरतीच्या वेळेला नुसती ये, आणि माझ्या जागेवर बस.

तुझीच,
अम्मी